बिननावाची ओटिली

प्रिय मारित,

रविवारी फोनवर तू विचारलंस, वाढदिवस कसा झाला, आणि मी म्हणालो, छान झाला, ल्यूसीलने पाई केली होती. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण एवढंच सांगून फोन ठेवला आणि मग दुपारभर खिडकीशी बसून स्वतःलाच हसत राहिलो. आयुष्यभर मी लोकांची पत्रं दारोदार पोचवली, आणि स्वतःच्या लेकीला सांगायची गोष्ट मात्र मला फोनवर धड सांगता येत नाही. आपल्या दोघांच्या बोलण्याची वाट ठरलेली आहे. तू तिकडच्या उन्हाचं सांगतेस, मी इकडच्या वाऱ्याचं; तू विचारतेस गुडघे कसे आहेत, मी विचारतो तुझा कसा आहे; आणि गुडघ्यापाशी आलो की दोघंही जरा अडखळतो आणि घाईघाईने तुझ्या अंगणातल्या निवडुंगांवर येतो. म्हणून हे पत्र. पत्रात मधेच कुणी गप्प झालं तर ते ऐकू येत नाही.

तर ऐक. माझा वाढदिवस मी बंदरावरच्या हॉलमध्ये साजरा केला. चेटकिणींच्या सामन्याला. हो, तोच हॉल आणि तोच तुझा जुना संघ, आपल्या बंदरच्या चेटकिणी. पत्र खाली ठेवू नकोस, निदान हातातली कॉफी संपेपर्यंत तरी ठेवू नकोस. तुला तिथून रुग्णवाहिकेत घालून नेलं त्या दिवसापासून मी त्या दारात पाऊल टाकलं नव्हतं, हे तुला मी कधी सांगितलं नाही आणि तू कधी विचारलं नाहीस. त्या रस्त्याने जायची वेळ आलीच तर मी मान वळवून सरोवराकडे बघायचो. आपलं सरोवर एवढं मोठं आहे की एका म्हाताऱ्याचं हॉलकडे न बघणं त्यात सहज मावून जातं.

आता ओटिली कोण ते सांगायला हवं, कारण तू दक्षिणेला गेल्यावर ती आमच्या रस्त्यावर राहायला आली. नगरपालिकेची बर्फ ढकलायची गाडी चालवते. पन्नाशी कधीच ओलांडली आहे, खांदे दारासारखे रुंद आणि हसू त्या दारातून बाहेर न मावणारं. हिवाळ्यात बाकीचे ड्रायव्हर रस्ता साफ करतात आणि तो सगळा ढीग आपल्या फाटकासमोर लोटून निघून जातात, ते तुला आठवत असेलच. मग बसा फावडं घेऊन. ओटिली माझ्या घरापाशी आली की गाडीचं पातं हलकेच उचलते, पुढे जाऊन टेकवते. पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं चुकून झालं असेल. दुसऱ्या हिवाळ्यात मी तिच्यासाठी कॉफी घेऊन फाटकात उभा राहिलो, आणि तेव्हापासून आमची दोस्ती. तर ही बाई गेली कित्येक वर्षं बुधवारी आणि शुक्रवारी कुठेतरी आपटून, निळी-जांभळी होऊन यायची. मी विचारायचो, गाडीतून पडलीस का, आणि ती म्हणायची, तसंच काहीसं. या वसंतात तिने सांगून टाकलं की ती चाकांच्या बुटांवर उभं राहायला शिकत होती, चेटकिणींनी अखेर तिला संघात घेतलंय, आणि तिचा पहिला सामना नेमका माझ्या वाढदिवसाला आहे. मी म्हणालो, घरी बसून तुझी आठवण काढीन. तिने आग्रह केला नाही.

पण तिची एक अडचण होती, आणि ती आमच्या तिघांच्या, म्हणजे मी, एनार आणि ल्यूसीलच्या कॉफीच्या टेबलावर महिनाभर चघळली गेली. तुमच्यातली रीत तुला माहीतच आहे: नवी बाई पहिला सामना नावाशिवाय खेळते, पाठीवर नुसती पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर आकडा. सामना संपल्यावर जेवताना तिने सर्वांसमोर नाव घ्यायचं, आणि एकदा घेतलं की ते तिचं. इतर पोरी नाव आधीच ठरवून, शर्टावर शिवून तयार असतात. ओटिलीला मात्र एकच नाव हवं होतं, आणि ते दुसऱ्या बाईचं होतं. त्या बाईने खेळणं सोडून वर्षं झाली होती. पण घातलेलं नाव घालणारीचंच राहतं, तिने स्वतः दिल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही. ओटिली म्हणायची, मिळालं तर ते, नाहीतर पट्टी बरी. जहाजावर जन्म काढलेला एनार रोज नवीन नावं काढायचा, फावडेवाली फ्रीडा काय, मीठमावशी काय, बर्फढकली काय, आणि ती शांतपणे पाव खात म्हणायची की तुमच्या पुढच्या जहाजाला ठेवा ते. कुणाचं नाव हवंय ते तिने आम्हाला सांगितलं नाही. एनारने विचारलं होतं. मी नाही विचारलं. मला तू ओळखतेस, मी खिडकीबाहेर बघत होतो.

वाढदिवशी संध्याकाळी दोघं मला न्यायला आली. चर्चच्या तळघरात मासे तळणार आहेत, तिकडे जाऊ, असं ठरलेलं. एनार अजून मोटार चालवतो ती खनिजाचं जहाज चालवल्यासारखीच, वळायच्या कितीतरी आधी वळायला लागतो. ल्यूसील मागे, मांडीवर पाई घेऊन. शाळेच्या स्वयंपाकघरात होती ना ती, तुला गुपचूप दुसऱ्यांदा पुडिंग वाढायची, ती. स्ट्रॉबेरी घातलेली, रुबार्बच्या आंबट देठांची पाई, आंबटगोड, लालभडक, अजून कोमट. त्या वासात मी इतका रमलो की चर्च मागे गेलं ते मला कळलंच नाही. कळलं ते उचलपुलाची घंटा वाजली तेव्हा. समोर फळी आडवी आली, पूल वर जायला लागला, आणि सरोवरातून एक लांबच लांब जहाज कालव्यात शिरायला लागलं. पुलापलीकडे मासे नाहीत. पुलापलीकडे काय आहे ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. एनार जहाजाकडे बघत म्हणाला, "उतरायचं असेल तर आत्ताच उतर, गड्या. पूल खाली आला की मी थांबायचा नाही." ल्यूसील पाईकडे बघत राहिली, जणू तीच उत्तर देणार होती.

आणि मारित, मला त्या वेळी काय आठवलं म्हणशील? मिस थोरवाल्डचा वर्ग. दर शुक्रवारी एकेकाला फळ्यापाशी उभं करून कविता म्हणून घ्यायची, हात मागे, नजर समोरच्या नकाशावर. मला नेहमी तीच यायची, बर्फाची:

बर्फ फुटे अन् सरोवराला
पुन्हा आठवे बोलायाला

पुढच्या ओळीला मी हमखास अडायचो आणि मिस थोरवाल्ड ओठ हलवून मला ती पुरवायची. गाडीत बसून मी ती पुढची ओळ शोधत होतो. खाली कालव्यात बर्फाचे शेवटचे तुकडे जहाजाच्या कडेला घासत होते, जहाजाने भोंगा दिला, पुलाने उलट भोंगा दिला, एनारने सवयीने टोपीला हात लावला. ओळ काही सापडली नाही. तेवढ्यात गाडी हलली. मी उतरलो नाही, असं म्हटलं तर त्यात धाडस केल्यासारखं वाटेल. खरं म्हणजे मी कवितेत होतो, आणि पूल खाली आला.

हॉलला अजून तोच वास आहे. रबराचा, घामाचा, तळलेल्या चीजचा, आणि हिवाळाभर तिथे खेळासाठी गोठवलेल्या बर्फाचा एक ओलसर मागमूस. ॲग्नेसने मला लांबून पाहिलं. तुझी आपटबार ॲग्नेस आता कप्तान आहे, केसांत एक पांढरी बट आली आहे आणि तिने ती मुद्दाम हिरवी रंगवली आहे. ती सरळ चाकांवरून सरकत आली आणि कोपरांची, मनगटांची सगळी टणक कवचं माझ्या बरगड्यांत रुतवून मला मिठी मारली. डोळे पुसले नाहीत, काही आठवण काढली नाही. एवढंच विचारलं की खुर्ची देऊ, की पोरीच्या बापाची जागा. पोरीच्या बापाची जागा म्हणजे तिसऱ्या वळणावर, जमिनीवर, ट्रॅकच्या कडेला लागून, जिथे खेळाडू उडून मांडीवर येऊन पडतात. मी तिथेच बसायचो, ते तिला आठवत होतं. म्हणालो, जमीन. माझ्यासोबत एनारलाही खाली बसावं लागलं, आणि त्याच्या गुडघ्यांनी जे आवाज काढले ते ऐकून पलीकडच्या दोघी वळून बघायला लागल्या.

ल्यूसीलने हा खेळ कधी पाहिला नव्हता, म्हणून एनार तिला समजावायला लागला, आणि एनारने समजावलेला खेळ तू ऐकायला हवा होतास. त्याच्या मते शिरस्त्राणावर चांदणी असलेली बाई म्हणजे पंच. शेवटी मीच सांगितलं की चांदणीवाली धावते, बाकीच्या तिची भिंत. आपली चांदणी पलीकडच्यांची भिंत फोडून जितक्यांना मागे टाकील तितके गुण, आणि त्याच वेळी त्यांची चांदणी आपली भिंत फोडू बघते; असा एकेक डाव म्हणजे एक खेप. ल्यूसील म्हणाली, म्हणजे शाळेची जेवणाची सुट्टी. तिला सगळं कळलं. एनार मात्र चांदणी दिसली की ओरडायचा, मग ती कुणाचीही असो. फार्गोहून आलेल्या, टोळधाड नावाच्या संघाच्या पोरींना वाटलं, काय दिलदार गाव आहे.

आणि ओटिली. पट्टीवर ३७ आकडा, बाकी पाठ कोरी. ती वेगाने धावत नाही, ती पुढे सरकते, तिच्या गाडीसारखीच, आणि समोर जे येईल ते बाजूला होतं. पहिल्यांदा तिने फार्गोच्या चांदणीला नुसत्या कुल्ल्याने ट्रॅकबाहेर बसवलं तेव्हा सगळा हॉल एका सुरात ओरडला, नाव काय, नाव काय. बिननावाच्या पोरीला छळायची ती जुनी पद्धत, तुलाही छळलं होतं. तुझ्या वेळी तू दर खेपेला जीभ काढून दाखवायचीस. ओटिली काहीच करायची नाही, फक्त पट्टीवर अंगठा दाबून ती नीट चिकटवायची, जणू सांगत होती, थांबा जरा. आणि मी बसलो होतो, मारित. तिसऱ्या वळणाकडे बघत बसलो होतो, आणि तिथे फक्त वळण होतं.

मध्यंतरात निवेदकाने माझं नाव पुकारलं. ॲग्नेसचं काम, दुसरं कुणाचं. दोन्ही संघ सरकत येऊन आमच्याभोवती गोल उभे राहिले आणि सगळ्या हॉलने मला वाढदिवसाचं गाणं म्हटलं, फार्गोच्या बाजूने जरा बेसूर, तेवढा सूड त्यांना घेऊ द्यावा. हॉलमध्ये मेणबत्ती लावायला बंदी, म्हणून ल्यूसीलने पाईत मधोमध गाजराची काडी खोचली होती आणि ती मी गंभीरपणे फुंकली. एनारने भाषण करायचा घाट घातला, पण शिट्टी झाली. पाई कापायची राहून गेली. मी ती मांडीवर घेतली. हे आमचं चुकलं; त्या जागी बसणारा कुणीही शहाणा माणूस मांडीवर काही ठेवत नाही.

दुसऱ्या अर्ध्यात फार्गोने आपल्याला गाठलं. मग ती खेप आली. टोळधाडीतली एक धिप्पाड पोरगी, ट्रॅक्टर उचलत असावी अशी, वळणावर ओटिलीच्या अंगावर आली, दोघींची चाकं एकमेकींत अडकली आणि दोघी आमच्या दिशेने उडाल्या. एनार उताणा. ल्यूसील बाजूला. माझ्या मांडीवरून पाई गेली, आणि ओटिली जमिनीवर, पालथी, हलेना. शिट्टी वाजली, आणि त्यासरशी दोन्ही संघांतल्या सगळ्या पोरी होत्या तिथे एका गुडघ्यावर बसल्या, कुणाला लागलं की बसायचं तशा. मला हा आवाज माहीत होता. सगळे गुडघे एकदम टेकल्याचा तो टप असा आवाज आणि नंतरची ती शांतता, जिच्यात छतावरचे दिवे गुणगुणताना ऐकू येतात. तेच वळण. ल्यूसीलने माझा हात धरला होता, तो तिने आजवर कधी धरला नव्हता. ओटिलीने तोंड वर केलं. हनुवटी, गळा, शर्टाचा पुढचा भाग, सगळं लाल.

मदतनीस मुलगी औषधांची पेटी घेऊन धावत आली, तिच्यापाशी बसली, दोन बोटांनी ते लाल पुसलं, दिव्याकडे धरलं. मग वास घेतला. आणि मग, सगळा हॉल बघत असताना, तिने बोट चाखलं. "रुबार्ब आहे," ती म्हणाली, "साखर किंचित कमी पडली." ल्यूसील बसल्या जागेवरून म्हणाली की साखर बरोबर आहे, तुझ्या जिभेलाच शाळेचं वळण नाही. आधी कोण हसलं ठाऊक नाही, बहुधा ती फार्गोची ट्रॅक्टरवाली, कारण तिच्या कोपरावर माझी गाजराची काडी चिकटली होती. मग सगळा हॉल हसत सुटला. गुडघ्यावर बसलेल्या पोरी हसता हसता जमिनीवर लोळायला लागल्या. ओटिली उताणी वळून हसत होती, पोट धरून, हनुवटी चाटत. आणि ती उठली. नियमाप्रमाणे तिला तीन खेपा बाकावर बसावं लागणार होतं, पण ती उठली, आणि सगळे टाळ्या पिटायला लागले. मी ओरडत होतो. काय ओरडत होतो ते एनार साऱ्या गावाला सांगत फिरतो आहे. त्यावर विश्वास ठेवू नकोस. एवढं खरं की मी ओरडलो, त्याच वळणावर बसून.

सामना आपण हरलो, थोडक्यात. त्याचं दुःख जेवणाच्या टेबलापर्यंतही पोचलं नाही. हॉलच्या मागच्या दारापाशी लांब बाकं मांडली होती, दार उघडं, सरोवरावर अजून ऊन. रानतांदळाचं सूप, पाव, लिंबाच्या वड्या, दोन्ही संघ मिसळून बसलेले; ज्या पोरींनी तासभर एकमेकींना भुईसपाट केलं त्या आता एकमेकींचे व्रण मोजून दाखवत होत्या. मग पाहुण्या संघाने यजमानांतली एक निवडायची, ती रीत झाली. फार्गोची कप्तान उठली, हातात बक्षिसाचा खेळण्यातला ट्रॅक्टर, आणि म्हणाली की आजची सगळ्यात भक्कम भिंत ती, जिचं नाव आम्हाला अजून कुणी सांगितलेलं नाही. बाकं वाजली, सूप सांडलं, नाव काय, नाव काय. ॲग्नेस म्हणाली, चल बाई, आता घे नाव. ओटिली ट्रॅक्टर हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, अजून मागितलेलं नाही. मग ती बाकांना वळसा घालून माझ्याकडे आली. मोज्यांवरच. माझ्याशेजारी बसली.

ती हळू बोलली, पण मी तुला तिचेच शब्द देतो, कारण मी त्यानंतर रोज ते मनात म्हणून बघतो. "हार्लन, तुमची मारित पडली तेव्हा मी त्या वरच्या बाकावर होते. नवरा नुकताच सोडून गेला होता, कुणीतरी फुकट तिकीट दिलं म्हणून आले होते, घरी जायला उठतच होते. तुम्ही सगळे तिच्या पायाकडे बघत होता. मी वरून तिला बघत होते. पाय भलतीकडे वळलेला, आणि ती पाठीवर पडून दोन्ही हातांनी कमरेवर थापट्या मारत होती. पंचांची शिट्टी नंतर वाजली. खेळ तिने थांबवला, तिने स्वतः. आणि हो, ती हसत होती. मी दुसऱ्या दिवशी जाऊन बूट घेतले."

मी हे पाहिलं नव्हतं, मारित. पुढे असलेल्या चांदणीला खेप थांबवायचा हक्क असतो, कमरेवर थापट्या मारून, हे मी त्या संध्याकाळी ल्यूसीलला समजावलं होतं. पण तू जमिनीवरून, त्या अवस्थेत, तो हक्क बजावलास हे मला आता शेजारची बाई सांगत होती. माझ्याकडे त्या दिवसाचं एकच चित्र होतं आणि त्यात फक्त तुझा पाय होता. इतकी वर्षं मी तेच एक चित्र भिंतीवर टांगून, त्याला पाठ करून बसलो. तुझ्याकडे कोणतं आहे, मला माहीत नाही. कदाचित तुलाही आठवत नसेल की तू हसलीस. म्हणून सांगतो: तू हसलीस. साक्षीदार आहे, आणि ती आता बर्फाची गाडी चालवते.

आता विचारतो, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. ओटिलीला तुझं नाव हवं आहे. हिमगर्जना. माझ्या कवितांतून मी तुला नावं सुचवत होतो आणि तू म्हणालीस, बाबा, दात असलेलं नाव द्या, फुलं नकोत; तेव्हा मी तुला तुझ्या जन्माची दुपार सांगितली, बर्फ पडत असताना ढग गरजले ती, आणि तू दुसऱ्याच दिवशी ते पाठीवर शिवून घेतलंस. तुझ्यामागे दर वसंतात कुणी ना कुणी नवी पोर त्या नावावर डोळा ठेवते, आणि ॲग्नेस दर वसंतात म्हणते, ते रिकामं नाही. हे मला त्या बाकावर कळलं. ओटिली म्हणाली की मारित परत येऊन ते स्वतः घालणार असेल तर मी जन्मभर पट्टी लावीन आणि तिच्यापुढे भिंत म्हणून उभी राहीन. मी म्हणालो, लेकीला लिहितो, ती काय ते ठरवील. तुला दोन्ही मोकळं आहे, आणि मला दोन्हीत आनंद आहे, हे मी शपथेवर सांगतो. मी विचारलं की तिने द्यायचं ठरवलं तर फोनवरून देता येईल ना. ॲग्नेसने लिंबाची वडी तोंडात टाकली, सावकाश चावली, आणि म्हणाली, छे, फोनवरून कसं. जुन्या बाईने ट्रॅकवर येऊन, नव्या बाईच्या पाठीवरची पट्टी आपल्या हाताने ओढून काढायची असते. म्हणजे ठेव किंवा देऊन टाक, तुला यावं तर लागणारच. ही रीत खरोखर जुनी आहे की ॲग्नेसने ती वडी चावता चावता काढली, ते मी विचारलं नाही. पुढचा सामना जूनच्या दुसऱ्या शनिवारी आहे. तुझ्या खोलीची खिडकी हिवाळाभर फुगून बसली होती. आज सकाळी दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा उघडली.

तुझी वाट बघायला पुन्हा शिकत असलेला, तुझाच,
बाबा